जुना स्पेअर पार्ट गाडीला ‘बसेल’, पण ‘चालेल’ का? विकत घेण्याआधी काय तपासायचं

समोरून येणारी रिक्षा घासून जाते आणि गाडीचा हेडलाइट फुटतो. सर्व्हिस सेंटर नव्या हेडलाइटचा आकडा सांगतं आणि गाडीमालक थेट मोबाइल काढतो. फेसबुक मार्केटप्लेस, ओएलएक्स, गॅरेजवाल्याचा व्हॉट्सॲप ग्रुप, नाहीतर मुंबईत असाल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथे तोच हेडलाइट, ‘कंपनीचा, गाडीवरून काढलेला’, बऱ्याच कमी किमतीत दिसतो. विकणारा एकच प्रश्न विचारतो: गाडी कुठली आणि साल कुठलं? उत्तर दिलं की तो म्हणतो, “घेऊन जा, बसेल.”

पैसे बुडायला सुरुवात इथूनच होते. कारण ‘गाडीचं नाव आणि साल’ ही माहिती पार्ट जुळवायला पुरेशी नसते.

जुना पार्ट घेण्यात गैर काही नाही, हे आधीच सांगायला हवं. दरवाजा, आरसा, सीट अशा गोष्टी अपघातात कापलेल्या गाडीवरून घेणं हा शहाणपणाचा व्यवहार असतो. काहींना तर पर्यायच नसतो. शेवरोलेनं २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. या गाड्यांचा एखादा पार्ट नवा मिळायला वेळ लागत असेल, तर मालक जुन्या बाजारातच जाणार. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट हे बाजार अशाच गरजेवर चालतात. फक्त तिथे जाण्याआधी थोडा अभ्यास घरी करून जावा लागतो.

‘२०१८ ची स्विफ्ट’ म्हणजे नेमकी कुठली?

मारुती स्विफ्टचंच उदाहरण घ्या. तिसऱ्या पिढीची स्विफ्ट भारतात फेब्रुवारी २०१८ मध्ये आली. पण २०१७ मध्ये बनलेली दुसऱ्या पिढीची स्विफ्ट कुणी जानेवारी २०१८ मध्ये घेतली असेल, तर तिचं रजिस्ट्रेशनही २०१८ चंच असणार. दोन्ही मालक दुकानात जाऊन ‘स्विफ्ट २०१८’ असंच सांगतील. पण दोघांच्या गाड्यांचे हेडलाइट, बोनेट, बंपर, डॅशबोर्ड यांचा एकमेकांशी संबंध नाही.

आता पुढची पायरी. दोघांकडेही नव्या आकाराचीच स्विफ्ट आहे असं धरू. तरी साध्या व्हेरिएंटला हॅलोजनचा हेडलाइट आहे आणि सर्वात वरच्या व्हेरिएंटला एलईडी प्रोजेक्टर. बाहेरचा आकार तोच, बोल्टची जागा तीच, पण मागचा कपलर आणि वायरिंग वेगळं. म्हणजे पार्ट ‘बसेल’ हे विकणाऱ्याचं म्हणणं खोटं नसतं. तो बसतोच. फक्त पेटत नाही.

हा गोंधळ एकट्या स्विफ्टचा नाही. होंडा सिटीची पाचवी पिढी जुलै २०२० मध्ये आली, पण चौथ्या पिढीची सिटीही कंपनी तिच्यासोबत विकत राहिली. नवी डिझायर २०१७ मध्ये आली, तरी टॅक्सीसाठी जुन्या आकाराची डिझायर ‘टूर’ नावानं चालूच होती. ग्रँड आय१० आल्यावरही जुनी आय१० काही वर्षं शोरूममध्ये होती. एकाच वर्षी, जवळपास एकाच नावानं, दोन वेगळ्या गाड्या रस्त्यावर उतरतात. भारतात हे इतक्यांदा झालंय की नुसत्या सालावर विश्वास ठेवूच नये.

म्हणून पहिलं काम: आरसी बुक किंवा स्मार्ट कार्ड काढा आणि रजिस्ट्रेशनची तारीख नव्हे, तर उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघा. दोन्ही तारखा आरसीवर असतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये आरसी जोडलेली असेल तर तिथेही दिसतात.

चासी नंबर म्हणजे गाडीची जन्मपत्रिका

आरसीवर १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर असतो. त्यालाच व्हीआयएन म्हणतात. हा नंबर नुसता क्रमांक नाही, त्यात माहिती भरलेली असते. पहिली तीन अक्षरं कंपनी सांगतात. मारुतीच्या बहुतेक गाड्यांचा नंबर ‘एमए३’ नं सुरू होतो, ह्युंदाईचा ‘एमएएल’नं, टाटाचा ‘एमएटी’नं, महिंद्राचा ‘एमए१’ नं. मधली अक्षरं बॉडीचा प्रकार, इंजिन वगैरे सांगतात आणि ती कशी वाचायची हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं या नंबरात वापरतच नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. विकणाऱ्यानं पाठवलेल्या नंबरात यांपैकी एखादं अक्षर दिसलं, तर नंबर चुकीचा उतरवलाय किंवा बनवलेला आहे.

अनेक कंपन्यांच्या अलीकडच्या गाड्यांत दहावं अक्षर उत्पादनाचं वर्ष सांगतं. एच म्हणजे २०१७, जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२०, एम म्हणजे २०२१. (आय वापरत नाहीत, म्हणून एचनंतर थेट जे.) जुन्या गाड्यांत ही पद्धत सरसकट लागू होत नाही, त्यामुळे नुसत्या दहाव्या अक्षरावर सौदा करू नका.

चासी नंबरचा खरा उपयोग वेगळाच आहे. कंपनीच्या अधिकृत स्पेअर पार्ट काउंटरवर इलेक्ट्रॉनिक पार्ट कॅटलॉग असतो. तिथे तुमचा चासी नंबर टाकला की त्या गाडीला कारखान्यात नेमका कुठला पार्ट लावला होता त्याचा नंबर येतो. काउंटरवर जा, नव्या पार्टची किंमत विचारा आणि सोबत पार्ट नंबरही लिहून घ्या. या चौकशीला बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत. नव्या पार्टची किंमत हातात असली की जुन्या बाजारात घासाघीसही नीट करता येते.

याच फेरीत आणखी एक गोष्ट विचारून ठेवा. गाडी बनवणारी कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. हेडलाइट लुमॅक्ससारख्या कंपन्या बनवतात, इलेक्ट्रिकल पार्ट बॉशसारख्या. त्याच उत्पादकाचा पार्ट गाडीच्या कंपनीच्या खोक्याऐवजी स्वतःच्या खोक्यात मिळत असेल, तर तो बऱ्याचदा स्वस्त पडतो. तो नवा पार्ट आणि जुना पार्ट यांच्या किमतीत फार अंतर नसेल, तर जुना घेण्यात अर्थ नाही.

पार्ट नंबर कसा वाचायचा?

जुन्या पार्टवर स्टिकर असतो किंवा प्लास्टिक-धातूवर नंबर उठवलेला असतो. ह्युंदाई आणि किया यांच्या नंबरात पहिले पाच अंक पार्ट कशाचा ते सांगतात आणि पुढचे अंक-अक्षरं तो कुठल्या मॉडेलचा ते. ९२१०१ म्हणजे डावा हेडलाइट, ९२१०२ म्हणजे उजवा. म्हणजे दोन हेडलाइटचे पहिले पाच अंक जुळले आणि पुढचे जुळले नाहीत, तर दोन्ही एकाच बाजूचे हेडलाइट आहेत, पण एकसारखे नाहीत. फोक्सवॅगन समूहाची पद्धत उलट आहे, तिथे सुरुवातीची अक्षरं मॉडेल सांगतात. ‘६आर’ म्हणजे भारतात मिळालेली पोलो. आणि नंबराच्या शेवटी एखादं अक्षर असतं, ते सुधारित आवृत्तीचं.

हे शेवटचं अक्षरच अनेकांना फसवतं. आकडे सगळे जुळतात, फक्त शेवटी ‘बी’ ऐवजी ‘डी’ असतं आणि विकणारा म्हणतो, “काही फरक पडत नाही.” कधी खरंच पडत नाही: कंपनीनं जुना नंबर बंद करून नवा दिलेला असतो आणि नवा पार्ट जुन्याच्या जागी चालतो. पण कधी त्या एका अक्षरात वेगळा कपलर किंवा वेगळं सॉफ्टवेअर लपलेलं असतं. ‘हा नंबर त्या नंबरच्या जागी चालतो का’ याचं उत्तर अधिकृत काउंटरच्या कॅटलॉगमध्ये असतं. विकणाऱ्याच्या आठवणीवर विसंबू नका.

धातूच्या पार्टवर आणखी एक घोळ होतो. ब्लॉक, गिअरबॉक्सचं आवरण किंवा कॅलिपरवर उठवलेला मोठा नंबर हा अनेकदा साच्याचा असतो, पार्टचा नव्हे. एकाच साच्यातून निघालेल्या तुकड्यावर पुढे वेगळी छिद्रं पाडून वेगवेगळे पार्ट तयार होतात. त्यामुळे साच्याचा नंबर जुळला म्हणून पार्ट जुळला असं होत नाही.

प्लास्टिकच्या पार्टवर मात्र एक मजेशीर खूण सापडते. बंपर किंवा हेडलाइटच्या मागच्या बाजूला घड्याळासारखा छोटा गोल ठसा असतो, मध्ये बाण आणि आकडे. तो पार्ट कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात साच्यातून निघाला हे तो बाण सांगतो. विकणारा ‘२०२१ च्या गाडीचा आहे’ म्हणत असेल आणि बाण २०१६ दाखवत असेल, तर प्रश्न विचारायला जागा आहे.

बोल्ट जुळतात, तरी अलॉय व्हील जुळत नाही

पार्ट तीन पातळ्यांवर जुळावा लागतो: मापानं, वायरिंगनं आणि सॉफ्टवेअरनं. मापाचं सोपं वाटणारं प्रकरणही किती फसवं असतं, हे अलॉय व्हीलवरून कळतं.

भारतातल्या बऱ्याच हॅचबॅक आणि सेडानना चार नटांची चाकं असतात आणि चार छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर असतो. बाजारात याला ‘४×१०० पीसीडी’ म्हणतात. स्विफ्टचं माप तेच, आय२० चं तेच, होंडा सिटीचंही तेच. मग सिटीची अलॉय स्विफ्टला बसवायला काय हरकत?

हरकत मधल्या छिद्रात आहे. सिटीच्या चाकाचं मधलं छिद्र ५६.१ मिलिमीटरचं असतं, स्विफ्ट आणि आय२० चं ५४.१ मिलिमीटरचं. स्विफ्टची अलॉय सिटीच्या हबवर चढणारच नाही, म्हणजे निदान चूक लगेच कळेल. पण सिटीची अलॉय स्विफ्टवर आरामात चढते. मध्ये दोन मिलिमीटरची पोकळी राहते, चाक नेमकं मध्यावर बसत नाही आणि महामार्गावर वेग घेतला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. मालक बॅलन्सिंग करतो, अलाइनमेंट करतो, टायर बदलतो. थरथर जात नाही. ही पोकळी भरायला हब रिंग नावाची कडी मिळते, पण ती विकणारा आपणहून क्वचितच सांगतो.

गोष्ट इथेच संपत नाही. नट ज्या खोलगट जागेत बसतो तिचा आकारही कंपनीनुसार वेगळा असतो. होंडाच्या मूळ चाकात ती जागा गोलाकार असते, मारुतीच्या चाकात शंकूसारखी. शंकूचा नट गोलाकार जागेत घट्ट केला की तो पूर्ण पृष्ठभागावर टेकत नाही, एका बारीक कडेवर टेकतो. हाताला घट्ट लागतो आणि चालता चालता सैल होऊ शकतो. बरं, होंडाचेच नट आणून लावू म्हटलं तर आटे वेगळे: होंडा आणि ह्युंदाईचे दीड मिलिमीटरचे, सुझुकीचे सव्वा मिलिमीटरचे. चुकीचा नट पाना लावून रेटला तर हबचे बोल्टच खराब होतात. चाकाच्या बाबतीत म्हणून चार गोष्टी विचारायच्या: छिद्रांचं वर्तुळ, मधलं छिद्र, नटाची बैठक आणि ऑफसेट, म्हणजे चाक हबपासून किती आत किंवा बाहेर राहतं ते. ऑफसेट बहुतेक अलॉयच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ अक्षरांपुढे लिहिलेला असतो.

डावं-उजवं हाही मापाचाच भाग आहे. गाडीत बसल्यावर डाव्या हाताला येतं ते डावं. समोर उभं राहून बघितलं की उलट होतं. फोनवर ऑर्डर देताना ‘ड्रायव्हर साइड’ किंवा ‘क्लीनर साइड’ म्हटलेलं बरं. पण पार्ट आखाती देशातून येत असेल, तर तेही उपयोगाचं नाही, कारण तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. दुबईहून कुणी हेडलाइट आणून देणार असेल तर आणखी एक अडचण आहे. आपल्याकडच्या हेडलाइटचा झोत डावीकडे, फुटपाथच्या बाजूला, किंचित वर उचललेला असतो. उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांत तो उजवीकडे उचललेला असतो. असा हेडलाइट आपल्या रस्त्यावर समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. जपानमध्ये वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे तिथल्या पार्टला ही अडचण येत नाही.

आकार तोच, कायदा बदलला

भारतात २०१७ ते २०२१ या काळात गाड्यांचे नियम इतक्या वेगानं बदलले की एकाच मॉडेलच्या दोन गाड्या बाहेरून जुळ्या दिसतात, आतून नाही.

एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. याचा संबंध ब्रेकशी, तसाच चाकाच्या बेअरिंगशीही. एबीएसला चाकाचा वेग कळावा म्हणून अनेक गाड्यांत बेअरिंगमध्येच चुंबकीय कडी असते. एबीएस नसलेल्या गाडीचं बेअरिंग मापानं तंतोतंत बसतं, गाडीही चालते, पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस काम करत नाही.

१ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारी घंटी आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. म्हणून मागचा बंपर घेताना सेन्सरची छिद्रं मोजा. आधीच्या गाडीचा बंपर नव्या गाडीला लावायचा तर छिद्रं पाडावी लागतील, तीही नेमक्या जागी. पुढच्या प्रवाशाची एअरबॅगही २०२१ मध्ये सक्तीची झाली, त्यामुळे डॅशबोर्ड बदलायची वेळ आली तर आधी-नंतर पाहायलाच हवं.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. सायलेन्सरच्या लाइनमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, डिझेल गाडीत डीपीएफ आणि या सगळ्यांना सांभाळणारा ईसीएम, हे सगळं बदललं. बीएस-४ चा कन्व्हर्टर बीएस-६ गाडीला लावला की इंजिनचा दिवा पेटून राहण्याची शक्यता असते आणि पीयूसीची डोकेदुखी वेगळीच. जुना कन्व्हर्टर घेताना टॉर्च मारून आत जाळी आहे का ते बघा. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महाग धातू असतात, त्यामुळे आतली जाळी काढून रिकामा डबा विकण्याचे प्रकार होतात.

वायर जोडली, पण गाडी ओळखत नाही

तिसरी पातळी सॉफ्टवेअरची. इथे डोळ्यांना काहीच दिसत नाही.

ईसीएम बंद पडला म्हणून दुसऱ्या गाडीचा, अगदी त्याच नंबरचा ईसीएम आणला, कपलर लावला, चावी फिरवली, आणि गाडी सुरूच होत नाही. कारण इमोबिलायझर. चावीतली चिप आणि ईसीएम एकमेकांना ओळखतात तेव्हाच इंजिन सुरू होतं, चोरी टाळण्यासाठीची ही सोय आहे. म्हणून जुना ईसीएम घ्यायचा तर त्याच गाडीची चावी आणि इमोबिलायझरचं युनिट असा संच घ्यावा लागतो, किंवा तो ईसीएम तुमच्या गाडीशी जुळवून देणारा माणूस आधी शोधावा लागतो. तो किती पैसे घेणार हे विचारल्यावर अनेकदा ‘स्वस्त’ ईसीएम स्वस्त राहत नाही.

डिझेल गाडीच्या इंजेक्टरचंही असंच. अनेक कॉमन रेल इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर त्याचा स्वतःचा कोड छापलेला असतो आणि तो ईसीएममध्ये भरावा लागतो. कोड पुसला गेलेला इंजेक्टर घेऊ नका. मीटर बदलताना आणखी एक पेच असतो: अनेक गाड्यांत किलोमीटरचा आकडा मीटरमध्येच साठवलेला असतो. जुना मीटर लावला की त्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीवर येतो. अशा वेळी जुना आकडा, नवा आकडा आणि तारीख असलेलं बिल गॅरेजकडून घेऊन ठेवा, नाहीतर गाडी विकताना मीटर मागे फिरवल्याचा संशय तुमच्यावर येतो.

कपलर वेगळा निघाला की काही मेकॅनिक तो कापून वायरी पिळून टेप मारतात. दिवा लागतो, काम झाल्यासारखं वाटतं. पण पावसाळ्यात त्या जोडात पाणी शिरतं, आणि जाड वायरीच्या जागी बारीक वायर जोडली असेल तर ती तापते. कपलर कापावा लागतोय याचा अर्थ पार्ट चुकीचा आहे. तिथेच थांबवा.

दुसऱ्या कंपनीचा पार्ट चालतो तेव्हा

आता थोडी चांगली बातमी. काही गाड्या नावानं वेगळ्या, पण आतून भावंडं असतात. बलेनो आणि ग्लांझा, डस्टर आणि टेरानो, रेनॉ लोगान आणि महिंद्रा व्हेरिटो, चाकणच्या कारखान्यात बनलेल्या व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड. कुर्ल्यात रॅपिडचा पार्ट मिळत नसेल तर व्हेंटोचा विचारा. बंपर, ग्रिल, दिवे वेगळे असतील, पण इंजिन-सस्पेन्शनचे कित्येक पार्ट एकच नंबरचे असतात.

पण ‘इंजिन एकच आहे’ हे वाक्य जपून ऐका. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन हे याचं सर्वात मोठं उदाहरण. पुण्याजवळच्या रांजणगावलाही ते बनायचं. फियाटच्या पुंटो आणि लिनियात ते होतं, मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगात ‘डीडीआयएस’ नावानं होतं, टाटाच्या इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्टमध्ये ‘क्वाड्राजेट’ होतं, शेवरोले सेलमध्येही तेच होतं. मारुतीनं २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे आता या इंजिनाच्या पार्टसाठी लोक जुन्या बाजाराकडे वळतात.

१२४८ सीसीचा गाभा सगळीकडे तोच. पण स्विफ्टमध्ये ते ७५ पीएस ताकदीचं, साध्या टर्बोचं; अर्टिगात ९० पीएसचं, व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोचं. अर्टिगाचा टर्बो स्विफ्टला लावून ताकद वाढत नाही, कारण त्या टर्बोला हुकूम देणारा ईसीएमच स्विफ्टमध्ये नाही. कंपनी बदलली की माउंटिंग, वायरिंग, सेन्सर, ईसीएम बदलतात. आतल्या सुट्या पार्टपैकी काही एकमेकांना चालतात, काही नाहीत, आणि त्यांतले कुठले, हे पुन्हा पार्ट नंबरच सांगतो.

हे पार्ट जुने घेऊच नका

एअरबॅग आणि सीटबेल्ट. दोन्ही एकदाच काम करतात. सीटबेल्टमध्ये अपघाताच्या क्षणी पट्टा खेचून घेणारी छोटी स्फोटक यंत्रणा असते, ती एकदा उडाली की संपली, बाहेरून पट्टा ठीकठाक दिसला तरी.

एअरबॅगचा धोका त्याहून मोठा. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसायचे. जगभर माणसं दगावली, कोट्यवधी गाड्या परत बोलवल्या गेल्या आणि २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडासह काही कंपन्यांनी गाड्या परत बोलवून एअरबॅग बदलून दिल्या. जुन्या बाजारातली एअरबॅग अशाच गाडीतली आहे का, हे दुकानात उभं राहून तुम्हाला कळणार नाही. मुंबई-कोकणातली हवा उष्ण आणि दमट असते, हेही विसरू नका.

ब्रेक पॅड, ब्रेकचे होज, टायमिंग बेल्ट, बॉल जॉइंट, टाय रॉड हेही नवेच घ्या. यांत जुळण्याचा प्रश्न नाही, झिजेचा आहे, आणि ती नेहमीच डोळ्यांनी दिसते असं नाही.

सौदा करताना

जुना, फुटलेला पार्ट सोबत घेऊन जा. यासारखी दुसरी तपासणी नाही. दोन्ही शेजारी ठेवा: बोल्टची छिद्रं, पुलीचे खाचे, कपलरमधल्या पिना, सेल्फच्या गिअरचे दात मोजा. ऑनलाइन घेत असाल तर पुढून काढलेल्या चकचकीत फोटोवर जाऊ नका, स्टिकरचा, मागच्या बाजूचा आणि कपलरचा फोटो मागा. हे तीन फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. तुमच्या आरसीचा पूर्ण फोटो मात्र अनोळखी ग्रुपवर टाकू नका. चासी नंबरचा गैरवापर होऊ शकतो. विकणाऱ्याला पार्ट नंबर पुरतो.

बॉडीचा पार्ट असेल तर रंग देण्याआधी गाडीवर लावून बघा. रंगवल्यावर कुणी परत घेत नाही. बिलावर पार्ट नंबर, तो कुठल्या गाडीवरून काढला, आणि ‘न बसल्यास इतक्या दिवसांत परत’ हे हातानं का होईना लिहून घ्या. अनेक दुकानदार ‘परत नाही, बदलून देऊ’ म्हणतात. तेही लिहून घ्या.

बिलाचं आणखी एक कारण आहे. उत्तर प्रदेशात मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या कापून पार्ट विकण्यासाठी कुप्रसिद्ध होता, पोलिसांच्या कारवाईनंतर २०२१ च्या अखेरीस तो बंद झाला. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. नंबर खरवडलेला पार्ट आणि बिल द्यायला नकार, हे दोन्ही एकत्र दिसलं तर तिथून निघा.

आणि इंजिन बदलत असाल तर मामला पार्टपुरता राहत नाही. इंजिन नंबर आरसीवर असतो. तो बदलला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते. जुन्या इंजिनसोबत ते ज्या गाडीतून काढलं तिची कागदपत्रं आणि बिल नसेल, तर ही नोंद अडते. नोंद झाली की विमा कंपनीलाही कळवा, कारण अपघातानंतर सर्व्हेअर गाडीचा इंजिन नंबर कागदपत्रांशी ताडून पाहतो.